जोर लावायचा नाही, काका!

जोर लावायचा नाही म्हणजे काय? नाही, तुम्हीच मला सांगा, जोर लावायचा नाही म्हणजे माणसाने नेमकं करायचं काय? सायकलवर चढवायचं, पावलं पट्ट्यांत अडकवायची, छातीला गार ओला पट्टा आवळायचा, चाकावर वजन टाकायचं, आणि एवढं सगळं करून वर म्हणायचं, ‘जोर लावायचा नाही, काका!’ अहो, मग सायकलवर बसवलंत कशाला? झोपाळ्यावर बसवायचं होतंत!

हे माझं म्हणणं नाही हं. हे बंबकाकांचं म्हणणं. मी आपला त्यांच्या तोंडचं तुम्हाला सांगतोय, आणि तेही निम्मंच सांगतोय, कारण उरलेलं निम्मं चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

बंबकाका म्हणजे आगीच्या बंबावरचे पथकप्रमुख. वय त्रेपन्न, मनगट तिशीतलं, आणि आवाज... आवाजाला वय नसतंच, भोंग्याला कुठे असतं? या माणसाने उभ्या जन्मात एकच गोष्ट ऐकली आणि एकच सांगितली : जोर लाव! पाइप ओढताना जोर लाव, शिडी उचलताना जोर लाव, अडकलेलं दार फोडताना तर लावच लाव. घरी बरणीचं झाकण निघत नसलं की काकू स्वयंपाकघरातून हाक मारणार, ‘अहो, जरा जोर लावा इकडे येऊन.’ झाकण निघायचं. कधीकधी बरणीचा गळाही निघायचा, पण झाकण निघायचंच!

आणि अशा माणसाच्या खात्यात नवा नियम आला की पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या दमसासाची चाचणी होणार. पास झाला तर बंबावर, नापास झाला तर कंट्रोल रूममध्ये. फोनवर! ‘हॅलो, कुठे लागली? किती लागली? पत्ता सांगा.’ म्हणजे आग दुसऱ्याने विझवायची आणि यांनी नुसती विचारपूस करायची! पट्टीच्या पोहणाऱ्याला काठावर बसवून कपडे सांभाळायला लावण्यातला प्रकार. काकांची झोप उडाली.

तरी आधी त्यांना वाटलं होतं, चाचणी म्हणजे काय, सायकल मारायची पडेपर्यंत, जो उशिरा पडेल तो पास. सरळ हिशेब! पण मग भोपळ्याचं प्रकरण झालं. भोपळा म्हणजे त्यांच्याच बंबाच्या ठाण्यातला जुना जोडीदार, नावावरून आकार लक्षात आलाच असेल. दोन जिने चढला की तिसऱ्याच्या पायरीवर बसून राहणारा गडी. हा भोपळा आठवडाभर आधी चाचणी देऊन आला आणि ठाण्यात नाचायला लागला, ‘चव्वेचाळीस! दमाचे चव्वेचाळीस आले! विशीतल्या पोराएवढा दम आहे म्हणाले!’ सगळे थक्क. काका तर इतके थक्क की त्यांनी त्याला दोन जिने चढवून खात्री केली... तो तिसऱ्याच्या पायरीवर बसलाच! मग झालं कसं? दोन दिवसांनी उलगडा झाला. भोपळा रक्तदाबाची गोळी घेतो, आणि ती गोळी नाडीला वर चढूच देत नाही. यंत्राला काय कळणार? त्याला वाटलं, एवढं काम करून नाडी एवढी शांत, म्हणजे पैलवानच आलाय! तिकडून फोन आला, ‘कुठली गोळी चालू आहे का?’ आणि भोपळा म्हणाला, ‘हो, रोज सकाळी एक.’ चाचणी रद्द, भोपळा कंट्रोल रूममध्ये.

तेव्हा काकांच्या डोक्यात प्रकाश पडला की हा खेळ पायांचा नाहीच, नाडीचा आहे. काम तेवढंच, पण ज्याची नाडी कमी उडते त्याचा दम जास्त. झालं! त्या दिवसापासून हे गृहस्थ खुर्चीत बसून मनगटावर बोटं ठेवून नाडीला खाली बोलवायला लागले. आणि नाडीचं आणि मांजराचं तुम्हाला सांगतो सारखंच असतं, बोलावलं की येत नाही. काकू म्हणाल्या, ‘काय चाललंय?’ काका म्हणाले, ‘शांत बसलोय!’ ...इतक्या जोरात म्हणाले, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

त्यात घरात दुसरंच धुमसत होतं. सहा महिन्यांपूर्वी लेक येऊन म्हणाली होती, ‘बाबा, मला एक मुलगा आवडलाय.’ ‘काय करतो?’ ‘व्यायामात माणसाचं शरीर कसं चालतं, त्याचा अभ्यास करतो.’ ‘म्हणजे मालिशवाला.’ ‘नाही हो बाबा, तो...’ ‘मालिशवाला! माझी पोरगी मालिशवाल्याच्या घरात नाही जायची!’ संपलं. फोटो बघितला नाही, नाव ऐकून घेतलं नाही, विषय निघाला की कानात बोटं. लेकही बापाचीच! तिनेही हट्ट सोडला नाही. बाप-लेक एकमेकांशी काकूंमार्फत बोलायचे. ‘आई, त्यांना सांग पंखा बंद करा.’ ‘तिला सांग, पंखा माझ्या पगाराचा आहे.’ बिचाऱ्या काकू पंख्याखाली उभ्या राहून दोन्हीकडे बघायच्या.

तर अशा मनःस्थितीत काका चाचणीला गेले. तळमजल्यावरची लांबट खोली, एक खिडकी, एक वजनकाटा, वर पंखा, आणि मधोमध ती सायकल... मागचं चाक नाहीच! एवढी चालवायची आणि जायचं कुठेच नाही! शेजारी एक सडपातळ, दाढीवाला, चष्मेवाला पोरगा. काकांना बघताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काकांना वाटलं, आपलं व्यक्तिमत्त्वच तसं आहे.

पोरगा मात्र नम्र. हळू आवाजात म्हणाला, ‘काका, आज आपल्याला तुमचा सगळा दम काढायचा नाहीये. थोडं काम द्यायचं, नाडी किती वर जाते ते बघायचं. मग थोडं जास्त काम, पुन्हा नाडी बघायची. कागदावर दोन टिंबं मिळाली की रेघ ओढायची. ती रेघ तुमच्या वयाच्या कमाल नाडीला जिथे टेकते, तिथे तुमचा दम किती याचा अंदाज कळतो.’

‘म्हणजे मी न पळताच मी किती पळेन हे तू सांगणार?’

‘अंदाज, काका.’

‘ज्योतिषी आहेस का?’

पोरगा ओशाळं हसला. खोगीर वरखाली करून काकांचा गुडघा नीट बसवला, फोनवर टिकटिक लावली आणि म्हणाला, ‘या तालावर पाय फिरवायचे. काहीही झालं तरी थांबायचं नाही, आणि जोर लावायचा नाही, काका!’

आता सांगा, बंबावरच्या माणसाला पॅडलवर पाय ठेवून हे जमेल? पाय फिरायला लागले आणि काकांना दिसायला लागली आग! मान खाली, हँडल आवळलेलं, दात ओठांवर! ‘काका, काका! मिनिटाला पन्नास फेरे! तुमचे ऐंशी होतायत!’ ‘मग चांगलं ना? वरचे तीस ठेव तुला!’ ‘नाही हो काका! वेग वाढला की हिशेब चुकतो. हँडल सोडा. खांदे सोडा. जबडासुद्धा सोडा... आणि जोर लावायचा नाही, काका!’

दोन-तीन मिनिटं गेली आणि काय झालं कुणास ठाऊक, ती टिकटिक काकांच्या पायांत उतरली. टिक... टिक... टिक... नाडी शहाण्णव. पोराने चाकावरचं वजन वाढवलं. नाडी एकशे अठरा, आणि तिथेच थांबली, जागची हलेना. पोराने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘सुंदर!’ अहो, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, काकांच्या कशालाही कुणी सुंदर म्हटलं नव्हतं! काका मनातल्या मनात बंबावर चढून बसलेसुद्धा... पुढच्या सीटवर, खिडकीत कोपर टेकवून, घंटा वाजवत...

आणि टिकटिक थांबली.

फोन आला होता. त्याच फोनवर टिकटिक, त्याच फोनवर फोन! पडद्यावर फोटो झळकला. एक मुलगी खदखदून हसतेय आणि तिच्या डोक्यावर आगीच्या बंबावरचं पिवळं हेल्मेट. काकांनी बघितलं. पुन्हा बघितलं. हेल्मेट त्यांचं होतं. मुलगीही त्यांचीच होती!

‘तू...’ काका म्हणाले. पाय चालूच! काहीही झालं तरी थांबायचं नाही, असं सांगितलं होतं ना! ‘तू कोण?’

पोराचं लक्ष यंत्राकडे. ‘एकशे तीस? काका, जोर लावलात का?’

‘तो मालिशवाला तूच?’

‘मालिशवाला नाही हो काका, मी व्यायाम... एकशे छत्तीस! काका, पन्नास फेरे, पन्नास!’

‘कधीपासून चाललंय?’

‘दीड वर्ष.’

‘दीड वर्ष? आणि मला सहा महिन्यांपूर्वी कळतं?’

‘एकशे चाळीस! काका, श्वास सोडा!’

‘सोडतो! वडील काय करतात?’

‘घड्याळं दुरुस्त करतात.’

‘आई?’

‘शाळेत शिकवते... काका, थांबा! मर्यादा ओलांडलीत!’

‘मी? माझ्या पोरीच्या डोक्यावर माझं हेल्मेट घालून तू फोटो काढतोस, आणि मर्यादा मी ओलांडली?’

फोन वाजतोच आहे. पोराने तो बंद करायला बोट लावलं, ते घाबरून भलतीकडेच लागलं आणि खोलीभर लेकीचा आवाज घुमला, ‘काय रे, कसं चाललंय बाबांचं? नाडी किती?’

‘बाबाच बोलतायत!’ काका सायकलवरून गरजले.

पलीकडून कट्. आणि लगेच, जसं काही झालंच नाही अशी... टिक... टिक... टिक...

पोराने धावत जाऊन वजन काढलं. काका उतरायला निघाले तर म्हणतो, ‘नाही नाही, एकदम उतरायचं नाही, चक्कर येईल. हळूहळू फिरवत राहा.’ घ्या! आता मला सांगा, रागाने लाल झालेला माणूस हलके हलके पॅडल फिरवत कुणावर ओरडू शकतो का? काकांनी प्रयत्न केला. ‘नालायका’ म्हणायला तोंड उघडलं, पण पाय असे अलगद चालले होते की शब्द निघाला तो अंगाईसारखा.

मग खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. पोरगा समोर उभा, हात बांधून, शिक्षा झाल्यासारखा. ‘काका, ही चाचणी धरता येणार नाही. ही नाडी कामाची नाही, रागाची आहे. अर्ध्या तासाने पुन्हा घ्यावी लागेल. पण नात्यातल्या माणसाची मी घेणं बरोबर नाही.’

‘नातं? कसलं नातं? मी कुठे हो म्हटलंय?’

पोराचा चेहरा पडला. ‘हो, तेही खरंच. मग घेतो मीच.’

अर्धा तास. खोलीत दोघंच. पट्टा छातीला तसाच, आकडे पडद्यावर तसेच. काका थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले, मग गुरगुरले, ‘तिच्यात बघितलंस काय तू?’

पोरगा म्हणाला, ‘वरच्या मजल्यावर लिफ्ट अडकली होती, काका. आत एक आजी. बाहेर सगळे नुसते ओरडत होते. ही कुठूनतरी आली, जमिनीवर बसली, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि आजींशी गप्पा मारायला लागली. नातवंडं किती, दात कधी काढले, टीव्हीवर काय बघता... दार उघडेपर्यंत. आजी हसत बाहेर आल्या. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाली, बाबांकडून. अडकलेल्या माणसाशी बोलणं थांबवायचं नाही, असं बाबा सांगतात.’

पडद्यावर चौऱ्याऐंशी होते, त्याचे ऐंशी झाले. ऐंशीचे अठ्ठ्याहत्तर.

‘काका, तुमची नाडी खाली आली.’

‘वर पंखा आहे ना, म्हणून,’ काका म्हणाले.

पुन्हा सायकल. पुन्हा टिकटिक. फोन या वेळी फक्त टिकटिकीपुरता, बाकी सगळं बंद. काकांनी खांदे सोडले, जबडा सोडला, दोन टिंबं मिळाली, पोराने रेघ ओढली... आणि ती पुन्हा तपासून बघितली.

‘किती?’

‘चौतीस.’

‘आणि पाहिजेत किती?’

‘पस्तीस.’

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी त्या खोलीत चमत्कार झाला. सहा महिने ज्याचं नाव ऐकून घेतलं नव्हतं, त्याच्या खांद्यावर काकांनी हात ठेवला आणि अशा आवाजात म्हणाले, जो आवाज त्यांच्या घशात आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं... ‘जावईबापू!’

पोरगा उजळला! अहो, अंधाऱ्या जिन्यात दिवा लागावा तसा उजळला!

‘जावईबापू, हा अंदाजच आहे ना? तुम्हीच म्हणालात. मग अंदाजे पस्तीस धरा की.’

...आणि दिवा विझला. पोरगा पुटपुटला, ‘काका, तुम्ही म्हणालात ते ऐकायला मी दीड वर्ष थांबलोय. पण मी अंदाज करतो, मनाला येईल ते लिहीत नाही. उद्या तुम्ही धुराच्या जिन्यात असाल आणि दम खरंच कमी पडला, तर तिला तोंड कसं दाखवू? चौतीसच.’

काकांना राग आला. प्रचंड आला! आणि त्या रागाच्या खाली, तुम्हाला सांगतो, असं काहीतरी गुदगुल्या करत होतं की हे पोरगं पोरीसाठीसुद्धा विकलं जात नाही. पण असं तोंडावर कबूल करतील ते बंबकाका कसले? ‘मालिशवाल्या!’ म्हणून दारापर्यंत गेले.

‘काका, ऐका ना! अंदाज थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून काठावरच्या माणसाची खरी चाचणी घेता येते. मी सगळं आमच्या वरच्या मॅडमना सांगतो, आपली ओळखसुद्धा. त्या घेतील, डॉक्टरांसमोर, तोंडाला श्वास मोजायचा मास्क लावून. त्यात अंदाज नाही. आणि त्यात...’

‘त्यात काय?’

‘त्यात जोर लावायचा, काका. जीव तोडून!’

अहो, काका दारातून परत आले आणि त्या पोराला अशी मिठी मारली, की त्याचाच श्वास मोजायची वेळ आली!

मग ती दुसरी चाचणी... काय सांगू तुम्हाला! मॅडम म्हणजे आवाज असा की बंबाच्या घंटेने लाजावं. ‘चला! थांबायचं नाही! अजून! अजून!’ डॉक्टर एका बाजूला, तारा सगळ्या अंगाला, मास्कमध्ये काकांची मिशी चेंगरलेली, चाकावर वजन वाढतंय, वाढतंय, पाय दगड झालेत, डोळ्यांसमोर काजवे... आणि पाय मंदावले. मंदावलेच. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. तेवढ्यात दारातून आवाज, आत यायची परवानगी नसलेल्या त्या पोराचा, नरड्याच्या शिरा ताणून, ‘जोर लावा, बाबा!’

काका नाही, बाबा! नाडी उडाली का? उडाली तर! पण आज उडू दे, आज नाडीला आकाश मोकळं होतं! काकांनी असे पाय मारले की सायकलच्या खालची फरशी थरथरली, आणि थांबले तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘एकोणचाळीस.’ पास! बंबावर! पुढच्या सीटवर!

दोघं घरी आले ते वरातीसारखे. दार उघडायच्या आत काका ओरडले, ‘पास! आणि हा आपला जावई!’ लेक आतून धावत आली, बापाच्या गळ्यात पडली, सहा महिन्यांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलली, आणि तेही रडत, म्हणजे एक शब्द कळला नाही. काकांनी तिथल्या तिथे खुर्चीवर बसून पॅडल मारून दाखवले, मॅडमची नक्कल केली, डॉक्टरांची केली, मास्कची केली. ‘निवृत्तीपर्यंत बंबावर! हलवून दाखवा म्हणावं!’

काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘अरे वा.’

आता ‘अरे वा’ म्हणायच्या शंभर तऱ्हा असतात, पण ही त्यातली नव्हती. काका खुर्चीवर पॅडल मारायचे थांबले. ‘काय गं? आनंद नाही झाला?’

‘झाला की. तुम्हाला कंट्रोल रूम मिळावी म्हणून देवापाशी हात जोडून बसले होते मी, तेवढं राहिलं.’ कप खाली ठेवत म्हणाल्या, ‘इतक्या जणांनी जमून तुमची नाडी मोजली. तुमची घंटा वाजते, तुम्ही जिना उतरून जाता, आणि मी खिडकीत उभी असते, तेव्हा माझी किती होते, ती आली का कधी कुणाच्या मनात?’

लेक भिंतीकडे बघायला लागली. पण जावई पडला शास्त्रज्ञ, त्याला प्रश्न म्हणजे प्रश्नच वाटतो! पुढे झाला आणि म्हणाला, ‘बसा ना आई, मी मोजतो की.’ काकू बसल्या. त्याने मनगट धरलं, घड्याळात बघत ओठ हलवत मोजलं, आणि चेहरा खुलला. ‘बहात्तर! एकदम छान आहे!’

‘बघ!’ काकांचा जीव भांड्यात पडला. ‘उगाच काहीतरी! बहात्तर! काही झालेलं नाही तुला!’

काकूंनी हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘आत्ता तुम्ही समोर बसलायत ना.’

आता मला सांगा मंडळी, तीस वर्षं आगीत शिरणाऱ्या माणसाने यावर काय बोलावं? एकोणचाळीसचा दम असलेल्या काकांनी समोरचा चहा संपवला, नुसता रिकामा कप पुढे केला आणि म्हणाले, ‘अजून अर्धा मिळेल का? ...बसलोच आहे तर.’